देणाऱ्या घराचा हिशेब

विश्वासाने चालणाऱ्या घराला हिशेबाची वही कशाला, असे विचारणारी माणसे मंडळीत हमखास भेटतात. उद्याची चिंता करू नका, असे प्रभूने सांगितले आहे. मग एक तारखेला आकडे मांडत बसणे म्हणजे अविश्वास नव्हे का? मुळीच नव्हे. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला त्याच येशूने दिला आहे (लूक 14). पाया घातला आणि पैसे संपले, तर येणारेजाणारे हसतील. म्हणून आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. तो दाखला शिष्यत्वाच्या किमतीबद्दल आहे हे खरे, पण ऐकणाऱ्यांना तो पटला तो रोजच्या व्यवहारातला असल्यामुळेच. खर्चाचा अंदाज नसलेल्या घरात वीस तारखेनंतर चिंता शिरते, आणि मग प्रार्थनेतही पैशाशिवाय दुसरे काही सुचत नाही.

दहा टक्के चर्चला दिले की घराचे अंदाजपत्रक ख्रिस्ती झाले, असा समज आहे. मला तसे वाटत नाही. घरातला पैसा आपल्या मालकीचा नसून सांभाळायला दिलेला आहे आणि तो सांभाळणारे घरात दोघे आहेत, या समजुतीवर ख्रिस्ती घराचा हिशेब उभा राहतो. एकानेच ठरवलेले दान आणि एकालाच ठाऊक असलेले कर्ज, दोन्ही या समजुतीत बसत नाहीत.

सुरुवात: घरात काय आहे?

घरखर्चावर शास्त्रातला सर्वांत उपयोगी उतारा मला 2 राजे, अध्याय 4 हा वाटतो. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा गेला, कर्ज मागे राहिले, सावकार दोन्ही मुलांना दास म्हणून न्यायला आला आहे. अलीशा तिला पहिला प्रश्न विचारतो तो घरात काय आहे, हा. ती म्हणते, काही नाही. आणि मग तिला तेलाचे एक भांडे आठवते. पुढचा चमत्कार सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतरच्या सूचनेकडे मात्र लक्ष जात नाही: तेल विक, आधी कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा. मोजदाद, कर्जफेड, उदरनिर्वाह असा क्रम त्यात स्पष्ट आहे.

आपणही मोजदादीपासून सुरुवात करावी. पहिला महिना काही बदलू नये, फक्त लिहावे. हाती येणारा पगार, भाडे, भिशी, पतसंस्थेचा हप्ता, दुकानदाराची उधारी, नातेवाइकांकडून उसने घेतलेले पैसे, सगळे एका वहीत. यूपीआयमुळे दहा-वीस रुपयांचे खर्च हाताला जाणवत नाहीत, म्हणून दर रविवारी संध्याकाळी मोबाइलवरची आठवड्याची यादी वहीत उतरवावी. रंगकाम, रिक्षा, शेती, शिकवण्या अशी उत्पन्ने दर महिन्याला सारखी नसतात. तिथे मागच्या वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना धरून घर बसवावे आणि चांगल्या महिन्यातले जास्तीचे पैसे वाईट महिन्यासाठी बाजूला काढावेत. सरासरी धरली की वर्षातले अर्धे महिने उसनवारीवर जातात.

दशांश: किती, कशातून, कुणासाठी

जुन्या करारात दशांश एकच नाही. गणना 18 मध्ये तो लेव्यांसाठी आहे, कारण त्यांना जमिनीचा वाटा मिळालेला नव्हता. अनुवाद 14 मध्ये दशांशाचे धान्य, द्राक्षारस आणि तेल घरच्यांनी मिळून परमेश्वरासमोर आनंदाने खायचे आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना तृप्त करायचे आहे. म्हणजे उपासना चालवणाऱ्यांचा खर्च, घराचा सण आणि गावातला गरीब, हे तिन्ही दशांशाच्या कक्षेत येतात. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना येशूने धारेवर धरले ते न्याय आणि दया सोडल्याबद्दल. देणे बंद करा, असे तो म्हणाला नाही.

नव्या करारात पौल टक्केवारी सांगत नाही. करिंथकरांना तो लिहितो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही वेगळे काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर ऐन वेळी वर्गणी गोळा करावी लागणार नाही (1 करिंथ 16). हे पैसे यरुशलेममधल्या गरिबांसाठी होते. पैसे आल्याबरोबर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कामासाठी वेगळे काढणे म्हणजेच अंदाजपत्रक. कॅथॉलिक चर्चही आपल्या लोकांवर ठरावीक टक्का लादत नाही. ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवणे हे कर्तव्य मानते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत दहा टक्क्यांची सवय अधिक रुजली आहे.

पगारदाराने हाती येणाऱ्या रकमेवर दशांश मोजावा आणि धंदा करणाऱ्याने उलाढालीवर न मोजता नफ्यावर मोजावा, असे माझे मत आहे. आजवर काहीच न देणाऱ्या घराने एकदम दहा टक्क्यांची उडी घेऊ नये. तीन टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि दर पगारवाढीला एक टक्का वाढवावा. असे घर सहसा मागे फिरत नाही.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून विरोध आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन दशांश म्हणजे दसपट परताव्याची गुंतवणूक असल्यासारखे शिकवले जाते, आणि सर्वांत गरीब घरे त्याला बळी पडतात. मुलीची फी थांबवून पाकीट भरणारी आई आशेपेक्षा भीतीने जास्त देत असते. संतोषाने द्या, कुरकुरत किंवा नाइलाजाने देऊ नका, असे पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिले आहे. भीतीने दिलेले त्यात कसे बसेल?

देण्याची मर्यादा वरच्या बाजूलाही विचारात घ्यावी. जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात सुरुवातीच्या मेथडिस्टांपैकी एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा तो 28 पौंडांत राहिला आणि 2 पौंड दिले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी राहणीचा खर्च 28 पौंडच ठेवला आणि 32 दिले. 90 मिळाले तेव्हा 62, आणि 120 मिळाले तेव्हा 92. वेस्ली तेव्हा अविवाहित होते, हे विसरू नये. पण पगार वाढला की खर्च वाढलाच पाहिजे, हा नियम कुठून आला, असा प्रश्न ते आकडे आजही विचारतात.

ज्यांच्याकडे रोख पैसाच नाही त्यांच्यासाठी मिझोरामचे उदाहरण आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत 1910 पासून 'बुहफाई थम' ही पद्धत चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरची बाई एक मूठ वेगळी काढते. तो तांदूळ मंडळीच्या स्त्रिया गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा सुवार्तेच्या व सेवेच्या कामाला जातो. ही मूठ रोजच्या रोज घरखर्चातच धरलेली असल्यामुळे महिनाअखेरीला शिल्लक शोधावी लागत नाही.

टिळकांच्या घरातला प्रश्न

मराठी ख्रिस्ती माणसाने घरखर्चाचा विचार करताना लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले. त्यांचा हात कायम मोकळा. हाती आलेला पैसा दारी आलेल्या गरजवंताला जाई, घरात पोरकी मुले आणि पाहुणे यांचा राबता असे. 1917 साली तर त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसंघ उभारला. या सगळ्या औदार्याचा दुसरा भाग लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला: चूल पेटती ठेवणे. त्यांनी तो पेलला, पुढे स्वतःही परक्या मुलांना पदराखाली घेतले आणि हे सारे इतक्या निर्मळ मनाने लिहिले की वाचणारा टिळकांवर रागावू शकत नाही.

पण लक्ष्मीबाईंच्या अंगी जे होते ते प्रत्येक घरात असेलच, असे धरून चालता येत नाही. नवरा देतो आणि बायको उसने मागायला शेजारी जाते, तेव्हा खरे दान त्या बायकोचे असते, आणि तिला कुणी विचारलेले नसते. आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले, म्हणजे कुर्बान, असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावले आहे (मार्क 7). घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, इतके टोकाचे विधान तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. म्हणून दशांशाचा आकडा पती-पत्नीने एकत्र ठरवावा. एकाला दहा टक्के हवेत आणि दुसऱ्याला चारच झेपतात असे वाटत असेल, तर चारच द्यावेत आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावे. चर्चला थोडे कमी मिळेल. एकमताने दिलेले चार टक्के मला भांडून दिलेल्या दहांपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटतात.

पैशाच्या कामात एकट्यावर भिस्त न ठेवण्याची काळजी पौलानेही घेतली होती. यरुशलेमसाठीची वर्गणी पोचवताना तीताबरोबर त्याने इतर बंधूही पाठवले, कुणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8). बँकेचे ॲप, एटीएमचा पिन, पतसंस्थेचे पासबुक घरात दोघांनाही ठाऊक असावे, ते याच कारणाने.

एका घराचे आकडे

समजा, अहिल्यानगरमध्ये भाड्याने राहणारे चौघांचे घर आहे आणि हाती 40,000 रुपये येतात. पगार जमा झाला की त्याच दिवशी 4,000 अर्पणासाठी वेगळे: यातले 3,000 मंडळीला, 1,000 गरजूंसाठी घरातच एका पाकिटात. घरभाडे 9,000. किराणा, दूध, भाजी, गॅस आणि रविवारचे मटण मिळून 11,000. शाळेची फी, क्लास आणि रिक्षा 5,000. पेट्रोल आणि एसटी 2,200, वीज-मोबाइल-इंटरनेट 1,800. औषधे आणि आरोग्यविमा 1,500, गावी राहणाऱ्या आईवडिलांना 1,500, नाताळ आणि वर्षातून एकदा येणारे खर्च 1,500, अडीअडचणीची शिल्लक 2,000. उरलेले 500 चिल्लर. बेरीज बरोबर 40,000.

गरजूंच्या पाकिटाबद्दल थोडे सांगायला हवे. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परदेश्यांसाठी राहू द्या, असे लेवीय 19 सांगते. रूथ बवाजाच्या शेतात वेचायला गेली ती याच नियमाच्या आधाराने. पगारदाराकडे शेत नाही, तर हे पाकीट आहे. शेजारच्या बाईला दवाखान्यासाठी 500 रुपये हवे असले की या पाकिटातून द्यायचे. घरखर्चाला धक्का नाही आणि मदत परत मागायची पाळीही नाही.

या हिशेबात कर्जाचा हप्ता नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. 6,000 रुपयांचा हप्ता आला की वरचा जवळपास प्रत्येक आकडा हलतो.

नाताळ अचानक येत नाही

नाताळची तारीख सगळ्यांना जानेवारीतच ठाऊक असते, तरीही डिसेंबरात सोने गहाण पडते. घराला रंग, सगळ्यांना कपडे, करंज्या-शंकरपाळ्या, केक, तारा, आहेर, पाहुणे. जूनमध्ये शाळेची पुस्तके, मे महिन्यात लग्नांचे आहेर, मधेच कुणाचा बाप्तिस्मा किंवा पहिले कम्युनियन. हे सगळे एका कागदावर लिहून बेरजेला बाराने भागावे. 18,000 रुपये वर्षाला लागत असतील, तर महिन्याला 1,500. त्यासाठी बँकेत आवर्ती ठेव काढावी आणि ती नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्ण होईल अशी मुदत ठेवावी.

खर्च आवरायला शिकण्यासाठी लेंटचे चाळीस दिवस कामी येतात. कॅथॉलिक घरांत या काळात मांस आणि चैन कमी करून वाचलेला पैसा गरिबांना देण्याची जुनी परंपरा आहे. ती नीट पाळली, तर कशाशिवाय आपले चालते हेही त्याच चाळीस दिवसांत कळते.

लग्नावरचा खर्च हा आपल्या समाजाचा दुखरा भाग आहे, आणि यात पाळक व फादर यांनी बोलायला हवे. काना गावातल्या लग्नाला येशू गेला, द्राक्षारस संपल्यावर त्याने तो पुरवला. आनंदाला त्याची हरकत नव्हती. पण पाच तासांच्या मेजवानीसाठी पाच वर्षांचा हप्ता उचलणाऱ्या नव्या जोडप्याला मंडळीतले कुणीच अडवत नाही, आणि पुढे त्यांच्या अर्पणाचे पाकीट रिकामे का, असे मात्र विचारले जाते.

कर्ज

घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे. अलीशाकडे आलेली ती विधवा हे शब्दशः अनुभवत होती. शास्त्रात कर्ज घेण्यावर बंदी नाही. गरीब भावाकडून व्याज घेण्यावर आहे, आणि घेतलेले न फेडण्याला दुष्टपणा म्हटले आहे. म्हणून घर, शिक्षण, उदरनिर्वाहाचे साधन यांसाठी घेतलेले कर्ज आणि मोबाइल-मेजवानीसाठी घेतलेले कर्ज यांत मी फरक करतो.

क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले, तर 50,000 रुपयांवर एका महिन्याचे व्याज 1,750 रुपये होते. वर्षाचा दर 42 टक्क्यांवर जातो. म्हणून सर्वाधिक व्याजाचे कर्ज आधी फेडावे, तोवर नवे काही घेऊ नये. या काळात दशांश द्यावा का, हा प्रश्न अनेकांना पोखरतो. वाण्याचे, कामवालीचे, भावाचे पैसे थकवून दिलेले दान मला योग्य वाटत नाही. जक्कयाने अर्धी संपत्ती गरिबांना देऊ केली, तेव्हा फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याचेही त्याच दमात कबूल केले. देण्याची सवय तुटू नये म्हणून शे-दोनशे रुपये द्यावेत, पाळकांना परिस्थिती सांगावी आणि बाकी बळ कर्जफेडीला लावावे.

कर्जाशी लढताना ख्रिस्ती माणसांनी एकट्यादुकट्याने हात टेकले नाहीत, याचा मला अभिमान वाटतो. जर्मनीत फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझेन हा श्रद्धावान प्रोटेस्टंट गृहस्थ 1846-47 च्या दुष्काळात एका खेड्यांच्या गटाचा प्रमुख होता. आधी त्याने भाकरीची व्यवस्था केली. पण नुसत्या दानशूरांच्या जिवावर काम टिकत नाही, हे त्याला उमगले, आणि 1864 मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांनी एकमेकांच्या हमीवर चालवायची पतसंस्था उभी राहिली. मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी हीच पद्धत अभ्यासून अहवाल दिला आणि 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा आला. वसईत 1918 मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची पतसंस्था सुरू झाली, ती आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. खासगी सावकाराच्या किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या दारी जाण्याआधी मंडळीतला बचत गट आणि गावची विश्वासाची पतसंस्था पाहावी.

साठवावे किती?

रानात मिळालेला मन्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती आणि तो नासत नसे. योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, म्हणून मिसर वाचला. उलट, मोठी कोठारे बांधून जिवाला निवांत म्हणणाऱ्या श्रीमंताला येशूने मूर्ख ठरवले. येणाऱ्या गरजेसाठी साठवणे आणि गरज नसताना साचवणे यातला फरक प्रत्येक घराने स्वतःसाठी आकड्यात लिहावा. चार ते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, पुरेसा आरोग्यविमा, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद, एवढे झाल्यावर दुसरा फ्लॅट घेण्याआधी देण्याचा टक्का वाढवता येईल का, हे पाहावे.

फाइल आणि मृत्युपत्र

घराच्या हिशेबात शेवटी कागद येतात, आणि इथे ख्रिस्ती कुटुंबांना कायद्याची माहिती हवी. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. गोव्यात मात्र तिथला वेगळा नागरी कायदा चालतो. मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळते, मुलगा-मुलगी समान. म्हणजे 30 लाखांच्या घरात आईचा वाटा 10 लाखांचा. मुले समजूतदार नसली की तिला स्वतःच्याच घरात उपऱ्यासारखे राहावे लागते. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, तेवढ्याने तो मालक होत नाही. म्हणून दोन साक्षीदारांच्या सहीने मृत्युपत्र करावे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हेही ध्यानात ठेवावे.

मालमत्तेचा काही भाग चर्चला किंवा अनाथाश्रमाला द्यायचा असेल, तर पूर्वी कलम 118 आड येई: पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या माणसाचे असे मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे ती अट आता उरलेली नाही. असा हिस्सा लिहिण्याआधी जोडीदाराशी बोलून घ्यावे, आणि मृत्युपत्र, विम्याच्या पॉलिसी, घेण्या-देण्याची यादी एकाच फाइलमध्ये ठेवून ती कुठल्या कपाटात आहे हे मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे.